मेद काढून टाकण्यापूर्वीं

गेल्या वैशाखांत एका मुंजीच्या निमित्तानें आम्हांस उमरग्यास जाण्याचा योग आला. सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावरचें हें तालुक्याचें गांव. धाराशिव जिल्ह्यांत मोडत असलें, तरी येथील जुन्या घरांचा ओढा पूर्वींपासून हैदराबादेकडे. १९४८ सालापर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. त्यामुळें मुलास वकील करावयाचें तर हैदराबाद, अवघड दुखणें दाखवावयाचें तर हैदराबाद, अशी रीतच पडून गेलेली. ज्या घरीं आम्ही उतरलों होतों तेथील आजोबा अजूनहि कोणास चार दिवस ताप आला कीं "हैदराबादेस दाखवून या" असें म्हणतात, आणि नातवंडें तोंड फिरवून हंसतात.

मुंजीच्या आदल्या रात्रीं जेवणें आटोपून निजानीज होण्याच्या सुमारास घरांतील मधल्या सूनबाई आणि त्यांची धाकटी जाऊ ओसरीवर आमच्याजवळ येऊन बसल्या. सूनबाई तेथील शाळेंत शिकवितात. वय चौतीस, पदरीं दोन मुलें. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्यांनीं हळूच विचारलें, "तुम्ही मासिकांत लिहितां, तुम्हांस ठाऊक असेल. पोटावरचा मेद यंत्रानें ओढून काढतात, त्यांत जिवास धोका कितपत असतो हो?"

प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवास आलेल्या कोणा पाहुण्या बाईंनीं त्यांच्या पोटाकडे पाहून चारचौघींत "आतां तिसरें कां?" असें विचारलें होतें. बोलणारणीच्या तें लक्षांतहि नसेल. ऐकणारीस त्या रात्रीं झोंप आली नाहीं. पुढें दूरध्वनीच्या पडद्यावर हैदराबादेच्या एका संस्थेची जाहिरात दिसली. सकाळीं या आणि सायंकाळीं सडपातळ होऊन घरीं जा, अशा अर्थाची. सूनबाईंनीं आपल्या पगारांतून दहा हजार रुपये विसार म्हणून भरून टाकले होते. घरीं सांगितलें होतें तें एवढेंच कीं, मैत्रिणीच्या लग्नास हैदराबादेस जावयाचें आहे. खरी गोष्ट एकट्या जावेस ठाऊक.

आम्ही कांहीं वैद्य नव्हे. चौकशी करून लिहितों, तोंवर जाऊं नका, एवढेंच त्या रात्रीं म्हणूं शकलों. चौकशी केली ती कांहीं परिचित डॉक्टरांकडे, आणि कांहीं छापील निबंध वाचून. तीच येथें देत आहों. कारण हा प्रश्न एकट्या उमरग्याच्या घरांतला नाहीं हें आमच्याकडे येणाऱ्या पत्रांवरून आम्हांस पुरतें समजलें आहे.

ज्या क्रियेस डॉक्टर मंडळी लिपोसक्शन म्हणतात तिला मराठींत मेदशोषण म्हणावयास हरकत नाहीं. त्वचेस बारीक छिद्र पाडून त्यांतून बोथट टोंकाची पोकळ नळी आंत घालावयाची, ती पुढें-मागें फिरवून त्वचेखालचा मेद सुटा करावयाचा, आणि शोषक यंत्राच्या जोरानें तो बाहेर ओढून घ्यावयाचा, असें तिचें स्वरूप आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पॅरिस येथें दुजारिए नांवाच्या शस्त्रवैद्यानें एका नर्तकीच्या गुडघ्यांवरील मेद खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. रक्तवाहिनीस इजा होऊन तो पाय सडला व तोडावा लागला. त्या घटनेनें कित्येक वर्षें कोणाचा धीर झाला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत रोम येथील फिशर पितापुत्रांनीं पोकळ नळीची युक्ति काढली व पॅरिसच्या डॉ. इलूझ यांनीं तिला बोथट टोंक देऊन ती पुष्कळ निर्धोक केली. १९८५ च्या सुमारास कॅलिफोर्नियांतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जेफ्री क्लाइन यांनीं मिठाच्या पाण्यांत लिग्नोकेन हें बधिर करणारें औषध व रक्तवाहिन्या आकसविणारें ॲड्रिनॅलिन मिसळून तें पाणी आधीं मेदांत भरपूर भरण्याची पद्धत बसविली. तिच्यामुळें रक्तस्राव फारच कमी झाला. आज बहुतेक ठिकाणीं याच पद्धतीचा कोणता ना कोणता प्रकार चालतो.

प्लॅस्टिक सर्जरी असें नांव ऐकतांच आमच्या जुन्या घरांतून नाक मुरडण्याची चाल आहे. आणि गंमत अशी कीं, या विद्येचा जगांत बोलबाला झाला तो नाकापासूनच, तोहि पुण्यांतील. टिपूच्या लढाईंत इंग्रजांकडील कावसजी नांवाचा गाडीवान पकडला जाऊन त्याचें नाक कापलें गेलें होतें. १७९३ सालीं पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या कारागिरानें त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्यास नवें नाक करून दिलें. तो प्रकार दोघां इंग्रज वैद्यांनीं समक्ष पाहिला आणि १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत तो चित्रासह छापून आला. तेथून युरोपांतील शस्त्रवैद्यांनीं तो उचलला. आपल्याकडे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत १९५८ सालीं डॉ. बालकृष्णन् यांच्या हाताखालीं या शास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंतिया यांनीं महारोगानें वांकड्या झालेल्या बोटांस व बसलेल्या नाकांस पुन्हां आकार देण्यांत आयुष्य वेंचलें. तेव्हां ही विद्या हलकी नव्हे आणि चोरून करण्यासारखीहि नव्हे. मात्र ज्या विद्येंत एवढी तयारी लागते ती ज्यास त्यास येत असेल असें धरून चालणें हा निराळा प्रकार झाला. त्याविषयीं पुढें लिहूं.

प्रथम मेदाविषयीं. पोटावर हात ठेवून चिमटींत धरतां येतो तो मेद त्वचेखालचा. दुसरा मेद त्याच्याहि आंत, पोटाच्या स्नायूंच्या पलीकडे, आंतडीं व यकृत यांच्याभोंवतीं सांचलेला असतो; तो चिमटींत येत नाहीं, पोट मात्र घागरीसारखें पुढें ढकलतो. मेदशोषणाची नळी पहिल्याच मेदापर्यंत पोंचते. दुसऱ्यापर्यंत ती पोंचूं नये हाच सर्जनचा सारा प्रयत्न असतो. कारण तेथें पोंचली तर आंतड्यास भोंक पडावयाचें. म्हणून ज्याचें पोट आंतील मेदानें सुटलें आहे त्यानें कितीहि पैसे ओतले तरी आरशांत फारसा फरक दिसणार नाहीं. पुरुषांचें मध्यम वयांतलें टणक ढेरपोट बहुधा या जातीचें असतें.

आणि मधुमेह, रक्तदाब यांच्याशीं मुख्य वैर आहे तें या आंतल्या मेदाचें. आपल्या लोकांत तर ही गोष्ट विशेषच ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत एक छायाचित्र प्रसिद्ध केलें. दोघे मित्र शेजारीं उभे. उंचीच्या मानानें वजन मोजण्याचा आंकडा दोघांचाहि २२.३. अंगांतील मेद मोजला तेव्हां युडकिन यांचा ९.१ टक्के भरला आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के! बाहेरून सडसडीत दिसणारा भारतीय आंतून मेदस्वी असूं शकतो तो असा. यासाठींच आमच्याकडे पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला कीं सावध व्हावें असें डॉक्टर सांगतात.

मग त्वचेखालचा मेद काढून टाकला तर मधुमेह कमी होईल कां? अमेरिकेंत सेंट लुई येथें हा प्रयोग होऊन चुकला आहे. पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटांतून प्रत्येकीं सुमारें दहा किलो मेद काढण्यांत आला. हा नेहमींच्या मर्यादेहून पुष्कळच अधिक. दहा-बारा आठवड्यांनीं तपासलें तों साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकीं कशांतहि सुधारणा दिसली नाहीं. हा निबंध २००४ सालीं प्रसिद्ध झाला. दहा किलो वजन चालून, खाणें आवरून कमी केलें असतें तर या सर्वांत फरक पडता, कारण तेव्हां आंतील मेदहि वितळतो. आमच्या एका स्नेह्यांनीं साखर वाढली म्हणून मेदशोषणाचा बेत केला होता; त्यांस आम्हीं हा निबंध पाठवून दिला. ते अद्याप आमच्याशीं थोडे तुटकपणेंच वागतात.

वजनाच्या दृष्टीनेंहि हिशेब पाहण्यासारखा आहे. एका वेळीं साधारण पांच लिटरांच्या वर शोषण करूं नये अशी सर्वमान्य मर्यादा आहे. त्या पांच लिटरांत आधीं भरलेलें पाणीहि आलें. लिटरभर मेद सुमारें नऊशें ग्रॅम भरतो. म्हणजे सगळें सुरळीत झालें तरी कांट्यावर तीन-चार किलोंहून अधिक फरक पडण्याची आशा धरूं नये. जो कोणी दहा-पंधरा किलो एका बैठकींत उतरवून देतों म्हणतो, त्याच्या पायरीवरूनच परत फिरावें. ही क्रिया वजन उतरविण्याची नसून आकार सांवरण्याची आहे. ज्याचें वजन बहुतांशीं योग्य आहे, बरेच महिने स्थिर आहे, त्वचा ताठ आहे आणि व्यायामानेंहि हटत नाहीं असा एखादाच पुंजका कमरेवर, मांडीवर किंवा हनुवटीखालीं राहिला आहे, त्यासच तिचा चांगला उपयोग होतो. तरुण मुलांच्या छातीवर येणारा उठाव, किंवा लिपेडेमा नांवाच्या विकारांत स्त्रियांच्या पायांवर सांचणारा दुखरा मेद, यांवर मात्र ती खरोखर गुणकारी उपाय ठरते; आणि अशा रोग्यांस "सुख बोचतें" म्हणून हिणविणें अन्यायाचें आहे.

काढलेला मेद परत येतो कीं नाहीं, हा प्रश्न सर्वच विचारतात. मेदाच्या पेशी प्रौढ वयांत संख्येनें जवळजवळ स्थिर राहतात, असें स्वीडनमधील संशोधकांनीं २००८ सालीं दाखविलें. म्हणून ओढून काढलेल्या पेशी गेल्या त्या गेल्या, हें म्हणणें खरें. परंतु उरलेल्या पेशी फुगावयास मोकळ्याच असतात. कोलोरॅडो येथील संशोधकांनीं मांड्या व खालचें पोट येथील मेद काढलेल्या स्त्रियांचें वर्षभर निरीक्षण केलें. वर्षाअखेर अंगांतील एकंदर मेद पूर्वींइतकाच झाला होता, आणि तो मांड्यांवर न येतां वरच्या पोटाकडे आला होता. ब्राझीलमध्यें साव पावलो येथें तर असें आढळलें कीं, ज्या स्त्रियांनीं शस्त्रक्रियेनंतर व्यायाम केला नाहीं त्यांचा आंतील, म्हणजे घातक, मेद सुमारें दहा टक्के वाढला. ज्यांनीं व्यायाम केला त्यांचा वाढला नाहीं. पुढच्या दारानें घालविलेला पाहुणा मागच्या दारानें माजघरांत येऊन बसावा, तसा हा प्रकार.

बाळंतपणांनंतरच्या पोटाविषयीं थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण आमच्याकडील बहुतेक चौकशी त्याचीच असते. गरोदरपणांत पोटावरील दोन उभे स्नायु मधल्या रेषेंत एकमेकांपासून दूर सरतात. कित्येकींच्या बाबतींत ते पुन्हां पुरते जवळ येत नाहींत. मग पोट पुढें लोंबतें आणि तें मेदामुळेंच आहे असें वाटतें. त्वचाहि ताणली जाऊन सैल पडलेली असते. अशा पोटांतून मेद ओढला तर रिकामी पिशवी तेवढी खालीं लोंबावयाची. स्नायु जवळ आणण्यास आधीं विशिष्ट व्यायाम, आणि तेवढ्यानें न भागल्यास स्नायु शिवून जादा त्वचा काढण्याची निराळी, मोठी शस्त्रक्रिया असते. त्यांतच बेंबीपाशीं हर्निया असेल, म्हणजे स्नायूंच्या फटींतून आंतडें किंवा आंतील पडदा वर येत असेल, तर त्याचा शोध न लावतां नळी घालणें म्हणजे अंधारांत सुरी फिरविणेंच होय. म्हणून ज्या सर्जननें रोग्यास उताणें निजवून, डोकें उचलावयास सांगून, पोट हातानें चांचपून पाहिलें नाहीं व नुसतें छायाचित्र पाहून दिवस ठरविला, त्याच्या हातीं आपलें पोट देऊं नये. पुन्हां गरोदर राहण्याचा विचार असेल तर तर या वाटेस जाण्यांत अर्थच नाहीं.

आतां धोक्याविषयीं, सूनबाईंचा मूळ प्रश्न तोच होता. अमेरिकेंतील प्लॅस्टिक सर्जनांस विचारून २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १९९४ ते १९९८ या काळांत सुमारें पांच हजार शस्त्रक्रियांमागें एक मृत्यु आढळला. त्यानंतर पद्धतींत सुधारणा झाल्या आहेत. त्या भागापुरतें बधिर करून, थोडा मेद काढला तर धोका खूपच कमी. तथापि पांच हजारांत एक हा आंकडा ज्या घरांतून तो एक गेला त्या घरास कसा वाटत असेल? २०२२ सालच्या मे महिन्यांत बंगळूर येथें चेतना राज ही अवघ्या एकवीस वर्षांची कन्नड अभिनेत्री मेद काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. तिनें आईवडिलांस आधीं सांगितलें नव्हतें, असें वृत्त त्या वेळीं छापून आलें. तें वाचतांना आम्हांस उमरग्याची ओसरी आठवली.

मृत्यु येतो तो कसा, हें कळलें म्हणजे कोणती काळजी घ्यावयाची तेंहि कळतें. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसांत जाते, हें मुख्य कारण. मेदाचे कण रक्तांत शिरून फुप्फुसांत अडकतात. शरीरांत पाणी फार झालें तर फुप्फुसें भरून येतात. नळीनें आंतडें फुटतें. जखम दूषित होते. लिग्नोकेनची मात्रा जास्त झाल्यास ओंठांस मुंग्या, कानांत गुणगुण, बरळणें आणि मग झटके येतात. आणि हें औषध मेदांतून सावकाश रक्तांत उतरत असल्यामुळें त्याचा जोर कित्येक तासांनीं, रोगी घरीं पोंचल्यावरहि, होऊं शकतो. पहिले एक-दोन दिवस छिद्रांतून लालसर पाणी पाझरणें साहजिक आहे, त्यानें घाबरूं नये. परंतु धाप लागणें, छातींत कळ, एकाच पोटरीस सूज व वेदना, ओकाऱ्या, कमी न होतां वाढतच जाणारी पोटदुखी, ताप, लाली पसरत जाणें, यांपैकीं कांहीं दिसलें तर "सकाळीं पाहूं" म्हणूं नये. तडक मोठ्या रुग्णालयांत जावें आणि काय केलें तें तेथें स्पष्ट सांगावें. ज्यानें ही गोष्ट घरापासून लपविली आहे त्याच्यासाठीं मध्यरात्रीं गाडी काढावयास कोण उठणार? आमचा सर्वांत मोठा आक्षेप त्या गुप्ततेस आहे. चोरीनें केलेल्या शस्त्रक्रियेंत डॉक्टर चुकला नाहीं तरी दुसऱ्या दिवशीं मैत्रिणीच्या घरून एकटीनें बसमध्यें बसून चार-पांच तास पाय लोंबकळत परत येणें, आणि घरीं आल्याबरोबर कांहीं झालें नाहीं असें दाखविण्यासाठीं पाण्याची कळशी उचलणें, हेंच गुठळीस आमंत्रण होय.

डॉक्टर निवडतांना लाज बाळगूं नये. शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार, हें नांवानिशीं विचारावें. जाहिरातींत एक चेहरा आणि टेबलापाशीं दुसराच, असा अनुभव पुष्कळांस आला आहे. एम्. बी. बी. एस्. नंतर शस्त्रक्रियाशास्त्राची पदवी आणि त्यावर प्लॅस्टिक सर्जरीची एम्. सी. एच्. किंवा तत्सम परीक्षा, असा तो क्रम असतो. महाराष्ट्रांतील डॉक्टरचें नांव महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या नोंदींत पडताळून पाहतां येतें, इतर प्रांतांत तेथील परिषदेकडे. सौंदर्यप्रसाधनाचें दुकान चालविणाऱ्यास ही क्रिया करण्याचा अधिकार नाहीं, मग भिंतीवर कितीहि प्रशस्तिपत्रकें टांगलेलीं असोत. भूल देणारा स्वतंत्र डॉक्टर हजर राहणार आहे कां, प्राणवायु व हृदयाचे ठोके मोजण्याचीं यंत्रें आहेत कां, प्रसंग आल्यास अतिदक्षता विभाग त्याच छपराखालीं आहे कीं शहराच्या दुसऱ्या टोंकास, हेंहि विचारावें. चांगला सर्जन या प्रश्नांनीं रागावत नाहीं. जो रागावेल त्यानें आपलें अर्धें उत्तर देऊन टाकलें असें समजावें. संमतिपत्र आपणांस समजणाऱ्या भाषेंत वाचून घ्यावें व एक प्रत घरीं आणावी. नळदुर्गापलीकडे सोलापूर आणि उत्तरेस लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. पहिला सल्ला घेण्यास हैदराबाद गांठलीच पाहिजे असें नाहीं. आजोबांनीं राग मानूं नये.

आपल्याकडूनहि डॉक्टरांस सर्व खरें सांगितलें पाहिजे. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ ठेवणारें औषध, पाळी पुढें ढकलण्याच्या वा गर्भनिरोधक गोळ्या, आणि "साधीं झाडपाल्याचीं" म्हणून घेतलेलीं चूर्णें, हीं सर्व त्यांच्यापुढें मांडावीं. आपल्या मनानें एकहि बंद करूं नये. तपकीर, मिश्री, तंबाखू यांचा उल्लेख करण्यास आमच्या बायका फार लाजतात. परंतु तंबाखूनें त्वचेचा रक्तपुरवठा आकसतो व जखम भरत नाहीं, म्हणून ती निदान चार आठवडे आधीं सुटली पाहिजे. रक्तांतील लोह तपासून घ्यावें. केवळ शाकाहारी घरांतील, त्यांतून महिन्यास चार उपवास करणाऱ्या स्त्रियांत तें कमी असण्याचा संभव फार.

खर्च लाखाच्या घरांत जातो आणि तो सर्व आपल्या खिशांतला. आरोग्यविम्याच्या करारांत सौंदर्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणें, कर्करोग यांनंतर अवयव पूर्ववत् करावयाचा असेल तरच विमा लागू पडतो. इतर वैद्यकीय उपचारांस वस्तु व सेवा करांतून सूट आहे, ती येथें नाहीं. सांगितलेल्या रकमेंत भूल, तपासण्या, पट्ट्याचा पोषाख, नंतरच्या भेटी आणि कांहीं बिघडल्यास पुन्हां करावयाची दुरुस्ती, यांपैकीं काय काय आलें तें लिहून घ्यावें. विसार परत मिळण्याच्या अटीहि.

नंतरच्या दिवसांची कल्पना फार थोड्यांस असते. घट्ट ताणून बसणारा पोषाख चार ते सहा आठवडे दिवसरात्र घालावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत तो कसा सोसवेल याचा विचार करून ऋतु निवडावा. दुसऱ्याच दिवसापासून थोडें थोडें चालावयाचें, पण जड उचलावयाचें नाहीं. सूज पुरती उतरून खरा आकार दिसावयास तीन ते सहा महिने जातात. म्हणून पुढच्या महिन्याच्या लग्नासाठीं आज ही क्रिया करून घेणें हा शुद्ध भाबडेपणा आहे. कांहीं ठिकाणीं बधिरपणा राहतो, कांहींच्या त्वचेवर खांचा-उंचवटे राहतात आणि ते कायमचेहि असतात. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्यांस एक सोय मात्र आहे. गौरीगणपतींत एखादीस उभ्यानें पुरण वाटतां येत नसेल तर दुसरी वाटते. पण त्यासाठीं दुसरीस कारण ठाऊक पाहिजे.

लिहितां लिहितां एक गोष्ट मनांत येते. आमच्या जुन्या संस्कृत कवींनीं स्त्रीच्या पोटावरील तीन वळ्यांस त्रिवली असें गोड नांव देऊन तिचें भरपूर वर्णन केलें आहे; आणि त्याच भाषेंत चरकानें अतिस्थूलाची गणना आठ निंद्य पुरुषांत केली आहे, पण त्याच यादींत अतिकृशहि आहे. मधल्या जागेंत किती मोकळीक होती! आज ती जागा चार बोटांची राहिली आहे आणि तिच्या कडेला हळदीकुंकवास आलेल्या बायका उभ्या आहेत. वाढलेलें पोट जिच्या तिच्या नजरेस पडतें. परंतु तें बोलून दाखविलेंच पाहिजे असा कोणत्या शास्त्राचा नियम आहे हें आम्हांस अद्याप सांपडलें नाहीं.

वरील मजकुराचा कच्चा खर्डा आम्हीं आषाढांत उमरग्यास धाडला होता. भाद्रपदांत सूनबाईंचें उत्तर आलें. त्यांनीं तो सासूबाईंच्या हातीं दिला. सासूबाईंनीं चष्मा लावून सगळा वाचला, एक अक्षर न बोलतां घडी घालून देव्हाऱ्याच्या खणांत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं स्वतःच मुलास म्हणाल्या, "सोलापुरास हिला दाखवून आण. मीहि येतें." तेथील प्लॅस्टिक सर्जननीं दहा मिनिटें पोट चांचपलें, सोनोग्राफी करवून घेतली आणि सांगितलें कीं मेद बेताचाच आहे, स्नायूंत तीन बोटांची फट असून बेंबीपाशीं लहानसा हर्निया आहे. सध्यां व्यायाम शिकविणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे जावयाचें, आणि हर्नियाची शस्त्रक्रिया दिवाळीच्या सुटींत त्यांच्याच ओळखीच्या सर्जनकडे करून घ्यावयाची, असें ठरलें आहे. परतीच्या वाटेवर नळदुर्गापर्यंत सासूबाई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझेंहि असेंच होतें. मला वाटे, सगळ्यांचेंच असतें."

हैदराबादेच्या संस्थेनें दहा हजारांचा विसार परत केला नाहीं. तीन पत्रें लिहिलीं. उत्तर आलें तें सणानिमित्त सवलतीच्या जाहिरातीचें.